पेटलेला फलाट

२०११ सालच्या फेब्रुवारीत आमच्या डोंबिवलीत जिकडेतिकडे एकच विषय होता, विश्वचषकाचा. १९ तारखेला सामने सुरू व्हायचे होते. आमच्या घरी मात्र त्या आठवड्यात क्रिकेटचे नाव कुणी काढले नाही. १३ तारखेच्या रविवारी सकाळी दहापासून पार जेवणाची पाने मांडेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत चार पुरुषमाणसे अशी काही तावातावाने बोलत होती, की शेजारच्या काकूंना वाटले, आमच्याकडे वाटण्यांचा वाद निघाला असावा. विरजणाचे निमित्त करून त्या डोकावल्यासुद्धा.

"काही नाही हो काकू, नोकियाचं चाललंय," मी म्हटले.

"अगं बाई! काय झालं नोकियाला?"

नात्यातले कुणी इस्पितळात आहे असे कळावे, तसा त्यांचा स्वर होता. एका परमुलखातल्या कंपनीच्या वाट्याला आपल्या मध्यमवर्गीय घरांतून इतकी माया क्वचितच आली असेल. मी मराठी शिकवते, तेव्हा मोबाईलला भ्रमणध्वनी म्हणावे अशी माझ्याकडून अपेक्षा असते, आणि कागदोपत्री मी तसे म्हणतेही. पण आमच्या सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत, "ते नोकिया जरा चार्जिंगला लाव गं." वनस्पती तुपाचे जसे डालडा झाले, तसे मोबाईलचे नोकिया झाले होते. त्यापुढे माझ्या भ्रमणध्वनीचे काय चालणार!

वादाचे कारण आदल्या शुक्रवारी, ११ फेब्रुवारीला, लंडनमध्ये घडले होते. नोकियाचे मुख्य अधिकारी स्टीफन ईलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी एका व्यासपीठावर उभे राहून जाहीर केले, की यापुढे नोकियाचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज फोन' या प्रणालीवर चालतील. म्हणजे हातातले यंत्र नोकियाचे, पण यंत्राच्या आत बसून सारा कारभार हाकणारे सॉफ्टवेअर दुसऱ्याचे. आजवर हा कारभार 'सिंबियन'कडे होता, आणि तिच्या पाठोपाठ 'मीगो' नावाची दुसरी प्रणाली इंटेल कंपनीच्या सोबतीने घडवली जात होती. थोरलीला निवृत्तीचा कागद मिळाला आणि धाकटी घरात येण्याआधीच उपरी ठरली. त्या एका दिवसात नोकियाचा शेअर १४ टक्क्यांनी उतरला. फिनलंडमधले कित्येक कर्मचारी दुपारीच कचेरी सोडून घरी गेल्याच्या बातम्या आल्या.

आता आमच्या बाहेरच्या खोलीतली मंडळी सांगते. आमचे सासरे, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशात नोकियाचा ११००. हा फोन २००३ साली निघाला. पुढे बॅटरीचा उजेड, धूळ सहज आत शिरू नये अशा कळा, घामेजल्या हातातून निसटू नये अशी बाजूची पकड, अशी त्याची बांधणी होती. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक संच खपले. अप्पा त्याचा उपयोग बोलण्यासाठी कमी आणि जिन्यातले दिवे गेल्यावर जास्त करीत. आमच्या ह्यांच्याकडे होता ई-७१, पूर्ण टंककळांचा, दिवाळीच्या बोनसातून घेतलेला. धाकटे दीर तेव्हा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि पाच वर्षे सिंबियनवरच काम करीत होते. त्यांच्याकडे एन-९००, मीगोच्या आधीची जी मेमो प्रणाली, तिच्यावर चालणारा. चौथे आमच्या महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे सर, दोन इमारती पलीकडे राहणारे. त्यांचा ५८००, बोटाने पडद्यावर टेकवून चालवायचा. चौघेही नोकियाचे. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा फोन त्या घरात आजवर आलेलाच नव्हता, हे या वादाचे वैशिष्ट्य म्हणायचे.

सुरुवातच गमतीची झाली. त्या आठवड्यात ईलॉपसाहेबांनी आपल्या कर्मचाऱ्यांना लिहिलेले एक लांबलचक पत्र बाहेर फुटले होते. त्यात त्यांनी उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावरच्या माणसाची गोष्ट सांगितली होती. रात्री स्फोट होतो, फलाटाला आग लागते, माणूस कसाबसा कडेला येतो. खाली काळे, बर्फासारखे पाणी. एरवी त्याने तिथे उडी घातली नसती, पण मागे आग आहे म्हणून तो तीस मीटरवरून उडी घेतो आणि वाचतो. आपणही अशाच जळत्या फलाटावर उभे आहोत, असे साहेबांचे म्हणणे. भावजींनी हे सगळे रंगवून सांगितले. अप्पा तेवढ्यात आंघोळ करून बाहेर आले होते.

"फलाट पेटला? कितव्या नंबरचा?"

सगळे हसले. अप्पांची चाळीस वर्षांची नोकरी फलाटावर गेलेली. त्यांचे काय चुकले? पण मग सरांनी मुंबई हायची आठवण काढली. २००५ च्या जुलैत, महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, तिथला एक फलाट खरोखरच जळून समुद्रात गेला होता आणि माणसे दगावली होती. त्यावर अप्पा गंभीर झाले आणि म्हणाले ते वाक्य मी विसरले नाही. "अरे, फलाटाला आग लागली तर स्टेशनमास्तर आधी गाडी थांबवतो, मग माणसं उतरवतो. लाऊडस्पीकरवरून 'हे स्टेशन आता जळणार' असं ओरडत नाही."

सर बदलाच्या बाजूचे होते. त्यांचे म्हणणे आकड्यांवर उभे होते, आणि आकडे खोटे नव्हते. २०१० साली नोकियाने ४५ कोटींहून अधिक फोन विकले, त्यांत सुमारे १० कोटी स्मार्टफोन. जगात पहिला नंबर. पण २००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला, २००८ मध्ये गूगलच्या अँड्रॉइडवरचा पहिला फोन आला, आणि २०१० संपता संपता एकट्या अँड्रॉइडचे फोन सिंबियनपेक्षा जास्त खपू लागले. शिवाय नोकियाचे फोन विकले जात होते ते दिवसेंदिवस कमी किमतीला. "पहिला नंबर हा गेल्या वर्षीच्या परीक्षेचा आहे," सर म्हणाले. त्यांनी आपल्या फोनवर बोट टेकवून दाखवले: यादीतले एक नाव आधी एकदा दाबून उजळायचे, मग पुन्हा दाबून उघडायचे. "कळांच्या काळातली रीत आहे ही. कळ गेली, रीत राहिली."

हे मान्य करतील तर ना! त्यांनी बोटे मोजायला सुरुवात केली. विंडोज फोनवर त्या दिवशी मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवण्याची सोय नव्हती (ती पुढच्याच महिन्यात आली, हे न्यायाने सांगितले पाहिजे). ब्लूटूथने फाइल पाठवता येत नव्हती. वाचकहो, २०११ मध्ये ब्लूटूथवाचून गाणे मित्राकडे कसे जाणार होते? लोकलच्या डब्यात अनोळखी माणसेसुद्धा एकमेकांना गाणी देत असत. त्यातून नोकियाचे नकाशे: २०१० च्या जानेवारीपासून रस्ता सांगणारी सेवा फुकट, आणि नकाशा आधी उतरवून घेतला की इंटरनेट नसले तरी चालणारी. "हे सगळं सोडायचं? का? तर कुणी एक कॅनडाचा साहेब मायक्रोसॉफ्टमधून आला म्हणून?"

ईलॉप २०१० च्या सप्टेंबरात नोकियात आले, ते थेट मायक्रोसॉफ्टमधून, आणि ते नोकियाचे फिनलंडबाहेरचे पहिलेच मुख्य अधिकारी. त्यामुळे जगभरच्या नोकियाभक्तांत ट्रॉयच्या लाकडी घोड्याची गोष्ट तत्काळ पसरली. आम्ही डोंबिवलीत वाद घालीत होतो त्याच दिवशी बार्सिलोनात त्यांना भर सभेत कुणीतरी तोंडावर तसे विचारलेही. त्यांनी अर्थात नाही म्हटले. माझा स्वतःचा या कटाच्या गोष्टीवर विश्वास नाही. निर्णय एकट्याचा नव्हता, संचालक मंडळाचा होता. आणि घर बुडाले की नव्या सुनेचा पायगुण काढायचा, ही रीत काही आपल्याकडेच आहे असे नाही.

भावजी इतका वेळ गप्प होते. ते बोलू लागले तेव्हा मी स्वयंपाकघरातून पोळीचे पीठ तसेच ठेवून बाहेर येऊन बसले, कारण जे ते सांगत होते ते माझ्या विषयाच्या फार जवळचे होते.

सिंबियनचे मूळ लंडनच्या सायन कंपनीत आहे. ही कंपनी हातात मावणारे छोटे संगणक करीत असे. त्यांच्यासाठी घडवलेल्या ईपॉक प्रणालीवरून १९९८ साली सिंबियन कंपनी उभी राहिली, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांना बरोबर घेऊन. त्या यंत्रांत स्मृती म्हणजे जागा अतिशय थोडी, बॅटरी लहान. तेव्हा प्रोग्रामरने एकेक कण जपून वापरायचा. काम अर्धवट राहून बिघडले तर घेतलेली जागा परत कशी करायची याची तजवीज आधी करायची. साध्या अक्षरमालेलासुद्धा किती जागा लागणार हे आधी ठरवायचे. जे काम मध्येच फसू शकते त्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'एल' हे अक्षर लावायचे, म्हणजे वाचणारा सावध होतो.

"वहिनी, तार लिहितात ना, तसं होतं ते," भावजी म्हणाले. "प्रत्येक शब्दाला पैसे."

ही उपमा मला फार पटली. तारेची भाषा ज्याने शिकली त्याला ती सुंदर वाटते. 'अप्पा आजारी लगेच ये' यात व्याकरण नाही, पण काय कमी आहे? मात्र पुढे स्मृती स्वस्त झाली. पत्राला वजनाची अट राहिली नाही. आयफोन आणि अँड्रॉइडवर लिहिणारे लोक पानेच्या पाने लिहू लागले आणि सिंबियनवाले तारच लिहीत बसले. नवे लोक ती शिकायला येईनात, कारण ती शिकायला वर्ष लागे आणि शेजारी महिन्याभरात काम होई. म्हणजे सिंबियन वाईट नव्हती. ती टंचाईच्या काळात वाढलेली, काटकसरी बाई होती. घरात समृद्धी आल्यावर अशा बाईचे काय होते, ते मराठी घरांना सांगायला नको.

"म्हणजे तुलाही मान्य आहे की ती जायला हवी होती," सर म्हणाले.

"जायला हवी होतीच, सर. पण आम्हांला सांगितलं होतं की पूल बांधतोय."

पूल कसला, तो असा. २००८ साली नोकियाने नॉर्वेची ट्रोलटेक ही कंपनी विकत घेतली. तिचे 'क्यूट' नावाचे साधन होते. क्यूटमध्ये एकदा लिहिलेला प्रोग्राम सिंबियनवरही चालेल आणि उद्याच्या मीगोवरही चालेल, असा आराखडा होता. जुन्या गावातून नव्या गावात जाताना सामान वाटेत टाकावे लागणार नाही. भावजींनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी रात्री जागून क्यूट शिकून घेतले होते. ११ फेब्रुवारीच्या घोषणेत विंडोज फोनसाठी क्यूट नव्हते. तिथली भाषा वेगळी, साधने वेगळी. पूल उभा होता, पण ज्या गावाकडे तो जात होता ते गावच रद्द झाले होते.

"तार लिहिणाऱ्याला पत्र लिहायला शिकवलं," भावजी म्हणाले, "आणि पत्र लिहून झाल्यावर सांगितलं की पोस्ट बंद."

यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. हे नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. धाकट्या भावाच्या नोकरीचा या सगळ्याशी संबंध आहे, हे त्यांच्या बहुधा तेव्हा प्रथम ध्यानात आले असावे. तोवर त्यांच्या लेखी तो गाण्यांचा आणि नकाशांचा प्रश्न होता. मग अप्पांनीच विचारले, "बाळ, तुझं काय होईल?" भावजी हसून म्हणाले, "काही नाही अप्पा, दुसरी भाषा शिकायची." आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी नोकियाच्या आन्सी वान्योकी या जुन्या अधिकाऱ्याचे, आदल्या वर्षी गाजलेले बोलणे सांगितले. फोन बनवणाऱ्यांनी अँड्रॉइड घेणे म्हणजे फिनलंडच्या पोरांनी कडाक्याच्या थंडीत ऊब यावी म्हणून विजार ओली करण्यासारखे आहे, अशा अर्थाचे ते होते. ऊब क्षणभर येते, मग जास्तच गारठते. अप्पांना हे अतोनात आवडले. त्यांनी ते पुढे आठवडाभर सकाळच्या फिरण्यातल्या मंडळींना ऐकवले.

सरांचा सवाल मात्र तिथेच होता: मग अँड्रॉइड का नाही? आज याचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात आणि सगळे ठामपणे सांगतात की अँड्रॉइड घेतले असते तर नोकिया तरली असती. मला इतकी खात्री वाटत नाही. एचटीसी तर अँड्रॉइडचा पहिला फोन बनवणारी कंपनी. २०१७ साली तिने आपल्या माणसांचा मोठा चमू गूगलला विकला. एलजीने २०२१ मध्ये फोनचा धंदाच बंद केला. दोघांकडेही अँड्रॉइड होते. ईलॉप यांची भीती हीच होती, की अँड्रॉइडच्या बाजारात सगळ्यांचा माल सारखाच दिसेल. त्या भीतीत तथ्य होते.

मग चुकले कुठे? मला जे दिसले ते मी आमच्या घरातच पाहिले.

आमचे हे कॉलनीतले मोबाईलचे बिनपगारी सल्लागार. कुणाला फोन घ्यायचा असला की संध्याकाळी तो माणूस आमच्याकडे येई, चहा होई, हे दोन प्रश्न विचारीत: "फक्त बोलायला हवा, की मेल बघायला?" आणि "बजेट किती?" उत्तर काहीही आले तरी शेवट नोकियाच्याच एखाद्या नंबरावर होई. कित्येकदा हे स्वतः दुकानापर्यंत बरोबर जात. अशी माणसे प्रत्येक कॉलनीत, प्रत्येक कचेरीत असत. कंपनी जाहिरातींवर कितीही खर्च करो, दहा घरांचा फोन ठरवणारा माणूस हा असा फुकट मिळालेला असे.

त्या रविवारनंतरच्या शनिवारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. त्यांच्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता, तिला चांगला फोन हवा होता. ह्यांनी दोन्ही प्रश्न विचारले. मग थांबले. मी चहाचा कप पुढे करीत होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. "सध्या थांबा," ते म्हणाले. "नवे यायचेत. दिवाळीपर्यंत थांबा."

एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला 'थांबा' म्हटलेले मी ऐकले नव्हते. मुलगी अर्थात थांबली नाही. दुसऱ्या कंपनीचा फोन घेऊन मोकळी झाली.

सामान्य गिऱ्हाइकाला सिंबियन हे नावही ठाऊक नव्हते. लंडनच्या घोषणेने त्याचे काही बिघडले नाही. घोषणा वाचली ती निष्ठावंतांनी, शब्दन् शब्द वाचली, आणि तिचा अर्थ जसा होता तसा घेतला: आज दुकानात मांडलेला माल मालकालाच नकोसा झालेला आहे. सिंबियनचे आणखी १५ कोटी फोन विकू, असे त्याच घोषणेत म्हटलेले होते. पण स्वयंपाकीणच म्हणू लागली की ही भाजी उतरली आहे, तर वाढून घेणार कोण? नवी भाजी तर चुलीवर चढायची होती. विंडोजवरचे पहिले लुमिया फोन जाहीर झाले ते २६ ऑक्टोबरला. मधले साडेआठ महिने जगभरचे असे सल्लागार लोकांना 'थांबा' म्हणत होते. २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन गेले होते. २०११ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत गेले १ कोटी ६७ लाख, आणि ॲपल पुढे निघून गेली. २०१२ च्या आरंभी सॅमसंगने सर्व मोबाईल मिळून नोकियाचा चौदा वर्षांचा पहिला नंबर घेतला.

दरम्यान निष्ठावंतांनी काय काय केले! घोषणेनंतर तीन-चार दिवसांत नोकियाच्या नऊ तरुण भागधारकांच्या नावाने एक जाहीर पत्र निघाले: ईलॉपना काढा, मीगो पुढे आणा. भावजींचा पुण्याहून फोन आला, आवाज फुललेला. दीड दिवसात पत्र मागे घेतले गेले, आणि मग कळले की नऊ तरुण वगैरे कुणी नव्हतेच. काम नसलेल्या एका इंजिनिअरने केलेली ती थट्टा होती. भावजींनी याही वेळी फोन केला, पण तो वहिनीला, दादाला नाही. जूनच्या २१ तारखेला सिंगापुरात एन-९ दाखवला गेला. मीगोचा फोन. समोर एकही कळ नाही, पडद्याच्या कडेवरून बोट सरकवले की सगळे चालते. जाणत्यांनी त्याची मनापासून स्तुती केली. पण ईलॉप यांनी एका फिनिश वृत्तपत्राला सांगून टाकले, की हा कितीही चालला तरी मीगोकडे परतणे नाही. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या बाजारांत तो रीतसर विक्रीला आलाच नाही. मुलगी सर्वांना पसंत पडली आणि बापानेच सांगितले की हिचे लग्न करायचे नाही. असे स्थळ मी तरी दुसरे ऐकलेले नाही.

आणि जे निष्ठावंत तरीही नव्या वाटेने गेले, त्यांचे काय? २०१२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केले आणि सांगितले, की आज बाजारात असलेल्या लुमियांवर ते चढणार नाही. म्हणजे सगळ्यांच्या आधी ज्यांनी उडी घातली ते पाण्यात पडल्यावर बोट दुसऱ्याच काठाला लागली. सर त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेपर वाचीत होते. फोनचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनलंडमधल्या सालो गावचा कारखाना बंद झाला. ३ सप्टेंबर २०१३ रोजी नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला ५४४ कोटी युरोंना विकत असल्याचे जाहीर केले. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरचा कारखाना, जिथे हजारो माणसे कामाला होती आणि त्यांत कितीतरी तरुण मुली, तो करांच्या तंट्यामुळे त्या विक्रीतून बाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला. मायक्रोसॉफ्टनेही २०१५ मध्ये या खरेदीपायी ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले. २०१७ साली नोकिया हे नाव लावलेले स्मार्टफोन पुन्हा बाजारात आले, एचएमडी या वेगळ्या कंपनीचे, आणि त्यांत होते अँड्रॉइड. सरांनी त्यातला एक घेतला. "सहा वर्षं उशीर झाला," एवढेच म्हणाले.

मूळ नोकिया मात्र आहे, बरे का. ती आता टेलिफोनच्या जाळ्याची यंत्रसामग्री करते. १८६५ साली कागदाच्या लगद्याच्या गिरणीतून निघालेली, मग रबरी बूट आणि तारा विकून मोठी झालेली ही कंपनी. तिने धंदे यापूर्वीही बदलले होते. कागदाच्या गिऱ्हाइकांनी तेव्हा वाद घातला होता की नाही, कोण जाणे.

भावजींनी अँड्रॉइड शिकून घेतले, मग आणखी दोन-तीन भाषा. आता ते चाळिशी ओलांडलेले, हाताखाली पुष्कळ मुले असलेले अधिकारी आहेत. नव्या मुलांना ते अजून सांगतात, घेतलेली जागा आधी परत करायची तजवीज कर, मग पुढचं लिही. मुले मान डोलावतात. कशासाठी, ते त्यांना समजत नाही, असे भावजीच म्हणतात.

ह्यांचे सल्लागारपद आपोआप गेले. कुणी येत नाही; सगळे फोनवरच बघून फोन घेतात.

अप्पा आता शहाऐंशीचे आहेत. त्यांचा ११०० कपाटात आहे. हल्ली त्यांच्या उशाशी भजनांचा एक हातभर रेडिओ असतो, कुठल्या कंपनीचा ते त्यावर लिहिलेले नाही. गेल्या दिवाळीआधी त्याची बॅटरी बदलायची होती. अप्पांनी जुनी बॅटरी माझ्या हाती दिली, तिच्यावर लिहिले होते बीएल-५सी. ११०० मध्ये हीच असे. कोपऱ्यावरच्या दुकानात विशीचा एक मुलगा बसलेला होता. मी विचारले, "बीएल-५सी आहे का?" त्याने वर न बघता हात मागे नेऊन खोक्यातून एक काढून दिली. हा नंबर कुणी पाडलेला, हे त्याला ठाऊक होते की नाही, मी विचारले नाही. पैसे दिले आणि घरी आले. अप्पा रेडिओ उघडून वाटच बघत होते.